युरोव्हिजनचा निकाल: ज्युरीची मतं, प्रेक्षकांची मतं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोव्हिजन ही देशादेशांच्या गाण्यांची वार्षिक स्पर्धा. युरोपातल्या देशांसोबत इस्राएल, ऑस्ट्रेलियासारखे देशही तिच्यात आपापलं गाणं घेऊन उतरतात. दर मे महिन्यात तिची अंतिम फेरी संपते आणि दुसऱ्या दिवसापासून एकच वाद सुरू होतो: लोकांनी ज्याला डोक्यावर घेतलं तो जिंकला का नाही? २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं प्रेक्षकांची पहिली पसंती एक होती आणि करंडक गेला दुसऱ्याकडे. तिन्ही वेळा जिंकलं ते ज्युरीनं पहिलं ठरवलेलं गाणं. त्यामुळे 'ज्युरी बरखास्त करा' ही मागणी आता जोरात आहे. मला ती पटत नाही. पण त्यामागचा राग मला खोटाही वाटत नाही. खालची उत्तरं त्याच भूमिकेतून लिहिली आहेत.

निकाल नेमका कसा लागतो?

प्रत्येक सहभागी देश गुणांचे दोन वेगळे संच देतो. एक त्या देशाच्या व्यावसायिक ज्युरीचा, दुसरा तिथल्या प्रेक्षकांचा. दोन्ही संचांत पहिल्या दहा गाण्यांना १२, १०, ८, ७ असे उतरत १ पर्यंत गुण मिळतात. अकराव्या क्रमांकाला भोपळा. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. गुणांची ही श्रेणी १९७५ पासून तशीच आहे. दोन्ही संच वेगवेगळे जाहीर करण्याची पद्धत मात्र २०१६ची. त्याआधी प्रत्येक देश आपल्या ज्युरीचा आणि प्रेक्षकांचा क्रम आतल्या आत एकत्र करायचा आणि जगाला एकच आकडा दिसायचा.

वेगळे आकडे दिसायला लागले आणि भांडणं वाढली, असं बरेच जण म्हणतात. भांडणाला कारण आधीपासूनच होतं, फक्त ते झाकलेलं होतं. २०१५मध्ये इटलीच्या 'इल व्होलो'ला प्रेक्षकांनी पहिलं केलं होतं, ज्युरीनं सहावं. जिंकला स्वीडन. ही फूट त्या रात्री पडद्यावर कुणालाच दिसली नाही.

५०-५० म्हणजे खरोखर निम्मं-निम्मं का?

कागदावर हो. प्रत्यक्षात नाही. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे.

२०२३ची लिव्हरपूलची रात्र आठवा. सगळ्या ज्युरींचे गुण सांगून झाले तेव्हा स्वीडनची लोरीन ३४० गुणांवर होती. दुसऱ्या क्रमांकावरच्या इस्राएलचे १७७, तिसऱ्या इटलीचे १७६ आणि फिनलंडच्या कारिया या गायकाचे १५०. पुढे निवेदक प्रेक्षकांचे गुण वाचतात. ज्युरीत जो तळाला असेल त्याच्यापासून सुरुवात करून वर वर जातात, म्हणजे लोरीनचा आकडा अगदी शेवटी येणार होता. फिनलंडची पाळी आली: ३७६. एकूण ५२६. सभागृह त्याच्या गाण्याचे शब्द घोषणेसारखे ओरडत होतं. आता लोरीनला जिंकायला प्रेक्षकांकडून १८७ गुण लागणार होते. तिला मिळाले २४३, आणि एकूण ५८३ गुणांवर ती जिंकली.

आता नुसते आकडे पाहा. प्रेक्षकांत फिनलंडची स्वीडनवर आघाडी १३३ गुणांची. ज्युरीत स्वीडनची फिनलंडवर आघाडी १९० गुणांची. दोन्ही बाजूंना वाटायला गुण जवळपास सारखेच होते, तरी ज्युरीचं पारडं जड झालं, कारण ज्युरींनी बहुतेक देशांत एकाच गाण्याला वर ठेवलं. प्रेक्षकांच्या गुणांत लोरीनही दुसरी होती, त्यामुळे तिथलं अंतर तेवढं वाढलं नाही. ज्या बाजूचं एकमत जास्त घट्ट, तिचा शब्द शेवटचा. नियमात कुठेही न लिहिलेला हा नियम आहे.

पुढच्याच वर्षी माल्मोमध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. स्वित्झर्लंडच्या नेमोला ज्युरीचे ३६५, दुसऱ्या क्रमांकाला २१८. क्रोएशियाचा बेबी लझान्या प्रेक्षकांत ३३७ गुणांनी पहिला आला, नेमो तिथे पाचव्या क्रमांकावर, २२६. तरी एकूण निकाल ५९१ विरुद्ध ५४७.

आणि उलटंही होतं. २०२२मध्ये युक्रेनला प्रेक्षकांनी ४६८ पैकी ४३९ गुण दिले. तिथे एकमत प्रेक्षकांचं होतं. ज्युरीनं ब्रिटनच्या सॅम रायडरला पहिलं आणि युक्रेनला चौथं ठेवलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

युक्रेन सहानुभूतीवर जिंकला, हे खरं ना?

रशियाचं आक्रमण सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. सहानुभूतीचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मत कशासाठी द्यायचं हे प्रेक्षकांना कुणी सांगितलेलंच नसतं. ज्युरीला निकष लेखी दिलेले असतात: आवाज, मंचावरचं सादरीकरण, रचना आणि तिचं नावीन्य, एकूण ठसा. प्रेक्षकाला एकच प्रश्न असतो, मत कुणाला? दोन गटांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली तर ती वेगळीच येणार. त्यातलं एक 'चूक' ठरवता येत नाही.

मग ज्युरी हवीच कशाला? गाणं लोकांसाठी आहे, लोकांनाच ठरवू दे.

हा प्रयोग करून झालेला आहे. १९९७मध्ये ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या पाच देशांनी पहिल्यांदा फोनवरून मतं घेतली. पुढच्याच वर्षी बहुतेक देश त्या मार्गानं गेले आणि दहाएक वर्षं निकाल मुख्यतः प्रेक्षकांच्या हाती होता. याच काळात शेजारी देश एकमेकांना भरभरून गुण देतात ही तक्रार शिगेला पोचली. २००७मध्ये सर्बिया, २००८मध्ये रशिया जिंकला आणि बीबीसीचे समालोचक टेरी वोगन मतदानातल्या राजकारणाला कंटाळून बाजूला झाले. २००९पासून अंतिम फेरीत ज्युरी परत आली.

त्या तक्रारीतला पूर्वग्रह मला खटकतो. 'पूर्वेकडचे देश संगनमत करतात' असं पश्चिमेकडून सर्रास बोललं जायचं. पण त्याच पद्धतीत २००५मध्ये ग्रीस आणि २००६मध्ये राक्षसी मुखवटे घातलेला फिनलंडचा रॉक बँडही जिंकला होता. शेजारची भाषा कळते, तिथले गायक आपल्याही रेडिओवर वाजतात, म्हणून मतं जातात. हे संगनमत नव्हे, ही आवड आहे. आणि चोख शेजारधर्म बघायचा तर ग्रीस आणि सायप्रसची गुणांची देवाणघेवाण बघा. त्यासाठी पूर्वेकडे जायची गरज नाही.

तरीही ज्युरी ठेवावी असं मला वाटतं, त्याचं कारण वेगळं आहे. प्रेक्षक सव्वीस गाणी बहुधा एकदाच ऐकतो आणि आवडलेल्या एक-दोन गाण्यांना मत देतो. ज्या गाण्याला सगळ्यांनी 'चांगलं आहे' म्हटलं पण कुणीच 'हेच' म्हटलं नाही, त्याला प्रेक्षकांच्या मोजणीत शून्य मिळू शकतं. ज्युरीला सगळ्या गाण्यांचा क्रम लावावाच लागतो. त्यामुळे दहाव्या-बाराव्या क्रमांकाच्या प्रामाणिक कामाचीही कुठेतरी नोंद होते. शिवाय सुरुवातीला सादर झालेलं गाणं शेवटपर्यंत विसरलं जाण्याचा तोटा ज्युरीत कमी होतो, असं या स्पर्धेच्या जुन्या निकालांवरच्या संशोधनातही दिसलं आहे.

ज्युरी तरी निःपक्षपाती असते का?

नेहमी नाही. २०२२च्या दुसऱ्या उपांत्य फेरीत अझरबैजान, जॉर्जिया, माँटेनेग्रो, पोलंड, रोमानिया आणि सान मारिनो या सहा देशांच्या ज्युरींनी एकमेकांना वरचे गुण दिल्याचं आयोजकांच्या लक्षात आलं. बाकीच्या ज्युरींनी त्याच गाण्यांना बरंच खाली ठेवलं होतं. स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं या सहांची मतं रद्द केली आणि त्यांच्या जागी इतर देशांच्या निकालांवरून काढलेले गुण धरले. फोनवर मत देणाऱ्या लाखो लोकांना जे जमवणं अवघड, ते सहा ज्युरींतल्या मिळून तीस माणसांना सोपं असतं. हा ज्युरी पद्धतीचा सगळ्यात मोठा धोका आहे आणि तो खुलेपणानं मान्य करायला हवा.

२०१९मध्ये आणखी एक प्रकार घडला. बेलारूसच्या ज्युरीनं उपांत्य फेरीतलं आपलं मत आधीच बाहेर सांगितलं म्हणून तिला काढलं. तिच्या जागी आकडेमोड करून बसवलेले गुण उलट्या क्रमानं लागले, म्हणजे तळाची गाणी वर आली. अंतिम फेरीच्या रात्री तेच जाहीर झाले आणि चार दिवसांनी दुरुस्ती करावी लागली. तेव्हा कळलं की ज्युरीत पहिली आलेली स्वीडनची एंट्री नव्हती, उत्तर मॅसिडोनियाची तमारा तोदेव्स्का होती. एका गायिकेचा तो क्षण हुकला तो हुकलाच.

ज्युरी आणि प्रेक्षक एकच सादरीकरण बघतात का?

नाही. ज्युरी आदल्या संध्याकाळच्या रंगीत तालमीवर मत देते, प्रेक्षक थेट प्रक्षेपणावर. शुक्रवारी गायकाचा घसा बसला आणि शनिवारी खुलला, तरी ज्युरीचे गुण शुक्रवारचेच. तांत्रिक अडचण टाळण्यासाठी ही सोय आहे हे समजतं. पण ज्या 'दोन मतां'ची बेरीज होते, ती दोन वेगळ्या रात्रींची मतं असतात, हे बहुतेक प्रेक्षकांना ठाऊकच नसतं.

एकटा परीक्षक एखादं गाणं पाडू शकतो का?

पूर्वी सहज. २०१४चं ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथल्या प्रेक्षकांनी पोलंडला पहिलं केलं, ब्रिटिश ज्युरीनं अगदी शेवटचं. एकत्रित क्रम लावल्यावर पोलंडला ब्रिटनकडून मिळाले शून्य गुण. ब्रिटनमध्ये पोलिश लोक भरपूर आहेत, त्यांनी मतं दिली असणार, आणि ज्युरीला ते सादरीकरण सवंग वाटलं असणार. पण एका देशाच्या जनतेची पहिली पसंती पूर्ण पुसली जाणं कुठल्याही मोजमापानं न्याय्य नव्हतं.

२०१६च्या बदलानं ही पुसापुशी थांबली. त्याच वर्षी पोलंडचा मिहाव श्पाक ज्युरीकडून फक्त ७ गुण घेऊन तळाकडे बसला होता, तिथून प्रेक्षकांच्या २२२ गुणांनी आठव्या क्रमांकावर आला. २०१८पासून परीक्षकांच्या क्रमांची बेरीजही बदलली आहे. वरच्या क्रमांना जास्त वजन मिळतं, त्यामुळे पाचपैकी एकानं मुद्दाम शेवटचा क्रम दिला तरी बाकी चौघांचं मत वाहून जात नाही.

दोघांपैकी कुणाचीच पहिली पसंती नसलेलं गाणं जिंकू शकतं का?

हो, दोनदा जिंकलंय. २०१६मध्ये ज्युरीनं ऑस्ट्रेलियाला पहिलं केलं, प्रेक्षकांनी रशियाला. युक्रेनची जमाला दोन्हीकडे दुसरी, आणि ५३४ गुणांनी विजेती. जुन्या एकत्रित पद्धतीनं मोजलं असतं तर ऑस्ट्रेलिया जिंकला असता. २०१९मध्ये नेदरलँड्सचा डंकन लॉरेन्स ज्युरीत तिसरा, प्रेक्षकांत दुसरा होता. प्रेक्षकांत पहिल्या आलेल्या नॉर्वेला ज्युरीनं अवघे ४० गुण दिले होते. दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी पटणारं गाणं जिंकणं मला वाईट वाटत नाही. २०१७मध्ये पोर्तुगालच्या साल्व्हादोर सोब्रालनं दोन्ही याद्या जिंकल्या होत्या, पण असं गाणं दरवर्षी येत नाही.

२०२५मध्ये एवढा गदारोळ का झाला?

बासेलमध्ये ऑस्ट्रियाचा जेजे ४३६ गुणांनी जिंकला. त्यातले २५८ ज्युरीचे. इस्राएलची युवाल राफाएल प्रेक्षकांत २९७ गुणांनी पहिली आली, ज्युरीकडून तिला ६० मिळाले आणि एकूण ३५७ गुणांनी ती दुसरी. स्पर्धेआधी इस्राएलच्या सरकारी जाहिरात संस्थेनं समाजमाध्यमांवर जाहिराती चालवून लोकांना शक्य तेवढी, म्हणजे वीस मतं द्यायला सांगितलं होतं. एका व्यक्तीला एका माध्यमातून (फोन, एसएमएस किंवा ऑनलाइन) वीसपर्यंत मतं देता येत होती आणि जाहिरात नियमांत बसत होती. स्पेनच्या आरटीव्हीईसह काही वाहिन्यांनी मतदानाची छाननी करण्याची मागणी केली.

गाझातल्या युद्धामुळे या चर्चेत लगेच बाजू पडतात. पण एक गोष्ट देश कुठलाही असला तरी खरी आहे. अंतिम फेरीत सव्वीसेक गाणी असतात, मतं वाटली जातात. अशा वेळी एखाद्या देशातल्या दहा-पंधरा टक्के मतांवरही पूर्ण १२ गुण मिळू शकतात. ज्यांना गाण्याशी फारसं देणंघेणं नाही पण एक नाव पुढे न्यायचंच आहे, असा छोटा पण चिकाटीचा गट वीस-वीस मतं देऊन ते घडवू शकतो. त्या गाण्याला विरोध असणाऱ्यांच्या हाती काहीच नसतं, कारण 'नको' असं मत देता येत नाही. कितीही लोकांना एखादं नाव नकोसं असलं तरी मोजणीत तो विरोध शून्यच धरला जातो.

त्यानंतर नियम बदलले का?

नोव्हेंबर २०२५मध्ये बदल जाहीर झाले. व्हिएन्नातल्या २०२६च्या स्पर्धेपासून एका माध्यमातून जास्तीत जास्त दहा मतं. उपांत्य फेऱ्या २०२३पासून फक्त प्रेक्षकांच्या मतांवर होत्या, तिथे ज्युरी परत. प्रत्येक देशाची ज्युरी पाचाऐवजी सात जणांची, त्यातले किमान दोघे १८ ते २५ वयाचे. सरकारं किंवा तिऱ्हाईत संस्थांनी चालवलेल्या मोठ्या प्रचारमोहिमांवर बंधनं. तरीही डिसेंबरात इस्राएलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि मग आइसलंडनं माघार जाहीर केली. तो प्रश्न मतमोजणीच्या पलीकडचा आहे.

इतर संगीत स्पर्धांत हेच होतं का?

इटलीतल्या सानरेमो संगीत महोत्सवात २०१९ला अंतिम टप्प्यात उल्तिमो या गायकाला फोनवरची सुमारे ४६ टक्के मतं होती आणि महमूदला १४. पत्रकार आणि मान्यवर परीक्षकांच्या गुणांवर महमूद जिंकला. यावर इटलीतले मंत्रीही बोलले. स्पेनच्या २०२२च्या निवड फेरीत गॅलिसियाच्या तांशुगेराइस या त्रिकुटाला फोनवर सत्तर टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, शानेलला चारेक टक्के. पण मतांचं गुणांत रूपांतर करताना पहिल्या क्रमांकाला ३० गुण ठरलेले, मग ती मतं सत्तर टक्के असोत की सत्तावीस. व्यावसायिक ज्युरीच्या जोरावर शानेल पुढे गेली. तिच्यावर इतकी टीका झाली की तिनं काही दिवस समाजमाध्यम सोडलं. आणि नंतर युरोव्हिजनमध्ये ती तिसरी आली, स्पेनला कित्येक वर्षांत न मिळालेलं यश. ज्युरीचा अंदाज बरोबर होता, मोजणी मात्र तरीही अन्यायाचीच होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे २००७ची एशियन आयडॉल स्पर्धा. जकार्तात झालेल्या या स्पर्धेत भारतातर्फे पहिला इंडियन आयडॉल अभिजीत सावंत गायला. सहा देश, निकाल पूर्णपणे प्रेक्षकांच्या हाती. पण एका एसएमएसमध्ये दोन नावं देणं सक्तीचं होतं. पहिलं नाव जो तो आपल्याच देशाचं देणार, हे गृहीत धरलेलं. त्यामुळे खरी लढत दुसऱ्या नावाची झाली आणि सिंगापूरसारख्या छोट्या देशाचा हादी मिर्झा जिंकला. मला ही कल्पना आजही हुशार वाटते. देशाभिमानाला बंदी न घालता त्याची धार कमी केली. त्याच वर्षी आपल्याकडे इंडियन आयडॉलमध्ये दार्जिलिंगच्या डोंगरांत प्रशांत तमांगसाठी वर्गण्या काढून एसएमएस पाठवले जात होते. पैसे मोजून कितीही मतं देता येणाऱ्या पद्धतीत संघटित प्रेम कुठवर जातं, ते आपण तेव्हाच पाहिलंय.

तुमच्या हाती असतं तर काय बदललं असतं?

सगळ्यात आधी एका माणसाला एका गाण्यासाठी एकच मत. दहाही जास्तच आहेत. तीन वेगवेगळ्या गाण्यांना मत देऊ द्या हवं तर, पण एकाच नावावर दहा वेळा पैसे घेऊ नका. दुसरं, ज्युरी आणखी मोठी करा. २०२५मध्ये ३७ देशांचे पाच-पाच, म्हणजे १८५ परीक्षक, आणि त्यांच्या हाती अर्धा निकाल. सात जण केले तरी दर देशी सातच. वीस-पंचवीस जण असते तर एकमेकांना फोन करून गुण ठरवणं अवघड झालं असतं आणि आवडही जरा विविध झाली असती. तिसरं, ज्युरीनं थेट प्रक्षेपणाच्या रात्रीच मत द्यावं, आदल्या दिवशीची मतं फक्त राखीव ठेवावीत.

आणि प्रत्येक देशात किती मतं पडली ते आकडे जाहीर करा. आज स्पर्धेनंतर प्रत्येक परीक्षकाचा पूर्ण क्रम अधिकृत संकेतस्थळावर वाचता येतो. प्रेक्षकांचा मात्र फक्त क्रम दिसतो, मतसंख्या दिसत नाही. एखाद्या छोट्या देशाचे १२ गुण चारशे मतांवर ठरले की चाळीस हजारांवर, हे आपल्याला कळतच नाही. ज्युरीकडे बोट दाखवणाऱ्यांनी ही मागणी आधी करायला हवी.

भारतातून मत देता येतं का?

येतं. २०२३पासून सहभागी नसलेल्या देशांतले लोक स्पर्धेच्या संकेतस्थळावरून कार्डानं पैसे भरून मत देऊ शकतात. जगभरातल्या अशा सगळ्या मतांचा मिळून एकच संच धरतात, एका देशाच्या प्रेक्षकांएवढा. लंडन, म्युनिक, झुरिक अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींचं मत तिथल्याच देशाच्या प्रेक्षकांत मोजलं जातं. अंतिम फेरी शनिवारी मध्य युरोपात रात्री नऊला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे रविवार लागून साडेबारा वाजलेले असतात. निकाल हाती येईपर्यंत पहाटेचे साडेचार होतात.